मामाला पिवळा बिल्ला

लातुरात उतरलं की पहिला जो पुरुष भेटेल तो मामा. रिक्षावाला मामा, एसटीतला कंडक्टर मामा, चौकातला पोलीस मामा, पाण्याचे जार टाकायला येतो तोही मामाच. वयाचा काही संबंध नाही. कालपरवा मिसरूड फुटलेल्या पार्सलवाल्याला आमच्या पोरी ‘ओ मामा’ म्हणून हाक मारतात आणि तोही खुशाल ओ देतो. मी नांदेडची. तिकडेही मामा म्हणतात, म्हणत नाहीत असं नाही, पण लातूरवाल्यांनी कहर केलाय.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे माझं काम. क्लासेसच्या गल्लीत मुलींचं एक चार मजली हॉस्टेल आहे, त्याच्या गेटवर मी बसते. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावच्या पोरी इथं येऊन राहतात, सकाळी क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी पुस्तकात डोकं. सगळ्या मला मावशी म्हणतात. कागदावर मात्र माझं पद ‘सुरक्षा पर्यवेक्षक’ असं आहे. मला कुणी वॉचमनबाई म्हटलं की मी त्याला तो कागद दाखवते आणि मोठ्यानं वाचायला लावते. राग येतो मला, काय करू.

मी आले तेव्हा गेटवर फक्त एक वही होती. येणाऱ्यानं नाव लिहायचं, नातं लिहायचं आणि आत जायचं. नात्याच्या खान्यात वरपासून खालपर्यंत मामा, मामा, मामा. एका पोरीला तर इतके मामा निघाले की मला तिच्या आजीची दया आली. कुणाचा वर्गमित्र मामा, कुणाच्या गावचा टेम्पोवाला मामा. एकदा एक मामा जिन्यातून सरळ तिसऱ्या मजल्यावर पोचला. पोरी बिचाऱ्या केस धुऊन गच्चीकडे निघालेल्या, त्यांनी अशी बोंब ठोकली की समोरच्या मेसमधली माणसं पोळी हातात घेऊन रस्त्यावर आली. तो खरंच एकीचा मामा होता, पण म्हणून काय झालं?

मॅडमना मी त्याच दिवशी सांगितलं, हे असं चालणार नाही. मॅडम म्हणजे हॉस्टेलच्या मालकीणबाई, आधी शाळेत शिक्षिका होत्या, अजूनही प्रत्येकाशी फळ्याजवळ उभं राहिल्यासारख्या बोलतात. म्हणाल्या, “मग काय करायचं म्हणतीस?” मी म्हटलं, बिल्ले करू. आत येणाऱ्याच्या गळ्यात बिल्ला पाहिजे. बिल्ला नाही तर पाऊल नाही.

बिल्ले नांदेडला माझ्या भावाच्या दुकानात छापून घेतले. दोन रंग. हिरवा बिल्ला घरच्या माणसाला. हिरवा गळ्यात असला की माणूस आतल्या अंगणात जाऊ शकतो, पोरीला जेवायला बाहेर नेऊ शकतो, सही करून गावी नेऊ शकतो. पिवळा बिल्ला बाकी सगळ्यांना. पिवळ्यानं गेटजवळच्या भेटीच्या खोलीत बसायचं, दार उघडं, मी समोर. पोरीनं गेटबाहेर जायचं नाही. भावानं फीत पण त्याच रंगाची लावली, म्हणजे पाठमोरा माणूस दिसला तरी मानेवरून कळावं. येताना गाडी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली तेव्हा मी पिशवीतून सगळे बिल्ले काढून मांडीवर पसरले. शेजारची बाई म्हणाली, कुठं लग्न हाय का? मी म्हटलं, लग्न न्हाई, बंदोबस्त हाय.

पहिले काही रविवार फार मजा झाली. रविवार हा आमच्याकडे भेटीचा वार. धोतरातले आजोबा बिल्ला उलटासुलटा करून बघायचे. एक म्हणाले, “आमच्या म्हशीच्या कानाला असाच बिल्ला मारलाय सरकारी डॉक्टरनं.” मी म्हटलं, “आजोबा, म्हैस तरी गुमान मारून घेती. तुम्ही किती बोलून राहिलात!” हसले आणि घातला. हळूहळू लोकांना सवय झाली. इतकी झाली की काही जण बिल्ला गळ्यात तसाच ठेवून गावी निघून जायचे आणि मग फोन यायचा, मावशी, तुमचा बिल्ला उदगीरला आलाय. गल्लीतल्या दुसऱ्या हॉस्टेलची माणसं येऊन बघून गेली, फोटो काढून गेली. मी फोटो काढू दिले. आपलं चांगलं आहे तर दाखवायला काय जातंय!

आता घरचं माणूस म्हणजे कोण, हे ठरवलं होतं मी. आई, बाप, सख्खा भाऊ, आजी-आजोबा. आणि सख्खा मामा. मॅडम म्हणाल्या होत्या, काका पण घाल की. मी म्हटलं, काकाचं नंतर बघू, मामा आधी. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. आमच्या मुसलमानांत मामू म्हणजे दुसरा बाप. मामूशी भाचीच्या लग्नाचा विषयच निघत नाही, निघूच शकत नाही. म्हणून पोरीला लांब कुठं जायचं झालं तर बाप, भाऊ नाहीतर मामू सोबत पाहिजे, मग कुणी बोट दाखवत नाही. माझ्या सगळ्या परीक्षांना मला मामूच घेऊन गेले. केंद्राच्या बाहेर झाडाखाली बसून राहायचे, आणि मी बाहेर आले की पेपर कसा गेला हे कधी विचारायचे नाहीत, भूक लागली का एवढंच विचारायचे. तर मामाला हिरवा बिल्ला देताना माझ्या डोळ्यांसमोर ते होते.

फक्त मामा सख्खा पाहिजे, एवढी खबरदारी मी घेतली. ओळखपत्र बघायचे, आईचं माहेरचं आडनाव फॉर्मवर लिहून घेतलेलं असायचं, ते जुळवायचे. जुळलं की हिरवा.

असं सुरळीत चाललेलं असताना परीक्षा जवळ आल्या. त्या दिवसांत हॉस्टेल म्हणजे नुसती कुजबुज असते. त्यातल्या एका रविवारी एक तरुण माणूस मोटरसायकलवरून आला. इस्त्रीचा शर्ट, केस नीट, हातात डबा. म्हणाला, “नमस्कार मावशी. भाचीला भेटायला आलोय. सख्खा मामा हाव.” ओळखपत्र मागायच्या आधी त्यानंच काढून दिलं. आडनाव जुळलं. आजीची तब्येत बरी न्हाई, दोन दिवसासाठी घरी न्यायला आलोय, म्हणाला. आवाजात कुठं उद्धटपणा नाही. खरं सांगते, मला तो आवडला. मी हिरवा बिल्ला काढला आणि त्याच्या हातात दिला.

त्याची भाची म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक शांत पोरगी. उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकच्या शिवेवर तिचं गाव. बोलताना मधूनच एखादा कानडी शब्द यायचा आणि मग स्वतःच लाजायची. अभ्यासात एक नंबर. मी वर फोन लावला, म्हटलं, “अगं, तुझा मामा आलाय. हिरवा दिलाय, ये आवरून, गावाला जायचं हाय.”

पलीकडं पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

“मावशी,” ती म्हणाली, “हिरवा का दिला?”

“का म्हणजे? सख्खा मामा हाय ना तुझा?”

“म्हणूनच.”

मी वैतागले. म्हणूनच म्हणजे काय? गेटवर रांग लागलेली, एक आजी बिल्ल्याच्या फितीत पदर अडकवून बसलेली, आणि ही कोडी घालतेय. मी म्हटलं, “खाली येऊन सांग काय ते.” तर म्हणाली, “मी खाली येत न्हाई. ते हिरवा घालून बसलेत तवर येत न्हाई.” आणि रडायला लागली. मग मात्र मी गेट मॅडमच्या हवाली केलं आणि जिना चढले.

खोलीत ती पलंगाच्या कोपऱ्यात पुस्तक छातीशी धरून बसली होती. मी शेजारी बसले. म्हणाली, “मावशी, आमच्यात मामाला देतात.”

“काय देतात?”

“पोरगी.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हटलं, “अल्ला! सख्ख्या मामाला?” ती म्हणाली, “हाव. माझ्या मायची मावशी तिच्या मामालाच दिलेली. आजीला काही झालेलं न्हाई मावशी. धाकटीनं मला फोनवर सांगितलंय, घरी साडी आणून ठेवलीय. उद्या साखरपुडा हाय. आन एकदा साखरपुडा झाला की मग मला कोण परत पाठवणार हाय? परीक्षा द्यायची न्हाई मला मग. सगळं गेलं.” ती हे इतक्या सरळ आवाजात सांगत होती की मला तिच्या रडण्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी इतकी वर्षं लातुरात. शेजारीपाजारी, बाजारात, लग्नाकार्यात माझं बसणं-उठणं आहे. ‘मामाला दिली’ हे शब्द माझ्या कानावर कितीतरी वेळा पडले असतील. पण मी ते ऐकताना मामाच्या घरी ठेवायला दिली, मामाकडे शिकायला दिली, असंच समजत आले. आमच्या घरात त्या शब्दांना दुसरा अर्थच नव्हता, तर मला सुचणार कुठून? जो माणूस माझ्या लेखी सगळ्यात भरवशाचा, त्याच्याच गळ्यात मी हिरवी फीत घातली होती, आणि नेमक्या त्याच माणसापासून ही पोरगी लपून बसली होती.

मी उठले. तिला म्हटलं, “तू अभ्यास कर.”

“आन मामा?”

“मामाचं मी बघते. तुझ्या मर्जीशिवाय या गेटातून कुणी तुला नेणार न्हाई. मी बसलेय ना तिथं!”

जिना उतरताना माझं डोकं असं तापलं होतं की विचारू नका. तो आतल्या अंगणात खुर्चीवर बसून मोबाईल बघत होता. मी समोर उभी राहिले आणि हात पुढे केला.

“बिल्ला द्या इकडं.”

“का? काय झालं?”

“चुकून दिला. तुमचा पिवळा हाय.”

तो हसला. “मावशी, मी मामा हाव तिचा. ओळखपत्र दाखवलंय की.”

“तेच तर.”

त्याचं हसू गेलं. त्याला कळलं की मला कळलंय. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, आमच्या घरच्या गोष्टीत तुम्ही कोण? मी म्हटलं, मी गेटवरची बाई. घरच्या गोष्टी घरी, इथं गेटच्या गोष्टी. पोरीला तुमच्यासोबत यायचं न्हाई. पिवळा घालून भेटीच्या खोलीत बसायचं असेल तर बसा, ती खाली येईल का नाही हे तीच ठरवेल. तो फोन काढून बाहेर गेला, कुणाशी तरी मोठ्यानं बोलला, परत आला, हिरवा बिल्ला माझ्या टेबलावर टाकला आणि गाडीला जोरात किक मारून गेला. डबा तिथंच राहिला. वाईट माणूस नव्हता तो, आता शांतपणे विचार केला तर असं वाटतं. त्याला लहानपणापासून सांगितलेलं असणार, ही तुझी. पण त्या वेळी माझा हात शिवशिवत होता, हे खोटं कशाला सांगू?

त्या पोरीच्या वडिलांनी तासाभरात मॅडमना फोन केला. गावात किराणा दुकान आहे त्यांचं, आवाज असा की फोन मॅडमच्या कानाला आणि शब्द मला ऐकू येत होते. सख्ख्या मामाला हाकललं! तुमच्या बाईची एवढी हिंमत! मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि चष्मा काढला.

“तुला खरंच माहीत नव्हतं, मामाला देतात म्हणून?”

“मला कोण सांगणार मॅडम? आमच्यात मामू म्हणजे…”

त्या हसायलाच लागल्या. पोट धरून हसल्या. मला राग आला. म्हटलं, हसू नका, तुम्हाला माहीत होतं तर यादी करताना बोलायचं होतं ना. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “आम्हाला इतकं माहीत होतं की सांगावं असं वाटलंच न्हाई गं.”

मग मी म्हटलं ते आजही मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण ते मी आधी ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, “आजपासून रंग मी ठरवणार न्हाई आन तुम्हीही न्हाई. जिला भेटायला आलेत, तिला फोन करून विचारायचं. ती हिरवा म्हणाली तर हिरवा, पिवळा म्हणाली तर पिवळा.”

“बापालाही?”

“बापालाही.”

“भडकतील लोक.”

“भडकू द्या. मी बसते ना गेटवर.”

मॅडमनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, बोर्ड लिहून लाव. मी लावला. मोठ्या अक्षरात, माझ्या हातानं.

लोक भडकले, व्हायचं ते झालं. पण पोरींनी त्यात जी रंगत आणली ती वेगळीच. एकीनं सख्ख्या भावाला पिवळा दिला, कारण त्यानं तिच्या मोबाईलमधले फोटो आईला दाखवले होते. तो गेटवर उभा राहून ओरडत होता, “मला? पिवळा?” आणि ती वरच्या खिडकीतून दात काढत होती. एकीनं आपल्या आत्याला हिरवा सांगितला आणि आत्या ती फीत हातात घेऊन हमसून रडली, म्हणाली, हिला मी पाळण्यात झोके दिलेत. मी सगळं बघत होते आणि मनात म्हणत होते, बघा, रंगात केवढं असतं!

ती शांत पोरगी मात्र रोज क्लासला जाताना गेटवर थांबून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायची. मला ते बघवायचं नाही.

दोन रविवारांनी तिचे वडील आले. एकटे. फोनवरच्या आवाजावरून मी आडदांड माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता. प्रत्यक्षात काडीएवढा माणूस, टोपी, हातात कापडी पिशवी. म्हणाले, “मी बाप हाव. तिला इथं मीच आणून सोडलंय. मला वळखता तुम्ही.”

“वळखते,” मी म्हटलं. “पण विचारावं लागतं.”

मी वर फोन लावला. म्हटलं, “तुझे वडील आलेत. एकटेच हायत, सोबत कुणी न्हाई. कुठला देऊ?”

मी वाट बघितली. माझ्या मागं हिरव्या फितीवाले आईबाप पोरींना घेऊन हसत-खिदळत बाहेर पडत होते. मला मनातून वाटत होतं, हिरवा म्हण गं बाई, बाप आहे तुझा.

“पिवळा,” ती म्हणाली.

मी फोन ठेवला. बापाला पिवळा बिल्ला द्यायची ती माझी पहिली वेळ. माझे अब्बा असते आणि मी असं केलं असतं तर, हा विचार मनात येऊन गेला. हात ड्रॉवरमध्ये गेला तिथंच क्षणभर राहिला. हिरवे वरच होते. बोर्ड माझ्या डोक्यावर लटकत होता. मी पिवळा काढला आणि पुढं धरला.

त्यांनी बिल्ल्याकडं बघितलं, मग बाहेर पडणाऱ्या लोकांच्या गळ्याकडं बघितलं.

“तिनं सांगितला हा?”

“हाव.”

“तिनं स्वतः?”

“तिनं स्वतः.”

मला वाटलं आता ओरडणार. मी तयारीतच होते, कंबर कसून. पण ते हळू म्हणाले, “म्हंजे माझी लेक मला भिती.”

न्हाई हो, तसं काही न्हाई, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तसंच होतं ते, तर काय बोलू?

त्यांनी टोपी काढली, फीत गळ्यात घातली, बिल्ला शर्टावर नीट सरळ केला आणि भेटीच्या खोलीत जाऊन बसले. पिशवी मांडीवर. मी वर निरोप दिला. ती खाली आली ती दारातच थांबली, एक हात चौकटीवर. नियमाप्रमाणं दार उघडं होतं आणि मी समोर होते, म्हणून सगळं ऐकलं.

“बस की,” ते म्हणाले.

ती उभीच. “मी येणार न्हाई पप्पा. परीक्षा हाय माझी.”

“न्यायला आलो न्हाई मी. साखरपुडा होत न्हाई. तू त्या दिवशी खाली आली न्हाईस, तवाच मला कळलं. तुझ्या मायला सांगून आलोय.”

“आन मामा?”

“त्याला बी मीच सांगतो.”

“आन परीक्षा झाल्यावर?”

त्यांनी पिशवीची गाठ सोडली. मग म्हणाले, “परीक्षा झाल्यावर तू सांगशील तसं.”

“नक्की?”

“पिवळा घालून बसलोय की गं मी!”

ती पोरगी दारातून आत गेली आणि त्यांच्या पायाशी फरशीवरच बसली. पिशवीतून त्यांनी धपाटे काढले. दोघंही बापलेक खात बसले. मी तोंड फिरवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला माझा लई अभिमान वाटला. तो मी कशाला लपवू? मोठमोठ्या लोकांना जे जमलं नसतं ते माझ्या गेटवर झालं होतं.

जाताना ते टेबलाशी आले. गळ्यातला बिल्ला काढून माझ्या हातात दिला, पण लगेच निघाले नाहीत.

“पुढच्या बारीला आलो तर तुम्ही तिला परत विचारणार?”

“दर बारीला विचारणार,” मी म्हटलं. थोडी ताठरूनच म्हटलं.

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

“विचारत जावा,” ते म्हणाले. “आमच्या घरी आजवर कुणी तिला विचारलं न्हाई.”